डच क्रियापदाची शेपटी
(तिसऱ्या आठवड्यातल्या विद्यार्थ्यांसाठी आमच्या शिकवणीचं माहितीपत्रक)

तिसरा आठवडा उजाडला की हमखास फोन येतो. "मॅडम, 'ओपबेलन' म्हणजे फोन करणे, हे पाठ केलं. पण वाक्यात 'बेल' एकीकडे आणि 'ओप' पार टोकाला. पुस्तकात छपाईची चूक आहे का?" चूक नाही. ही तुटणारी क्रियापदं. वर्गात आम्ही ती शिकवतोच, पण उजळणीसाठी घरी कागद हवा म्हणून हे पत्रक.

(उच्चार देवनागरीत जमतील तसेच लिहिले आहेत. डच 'ग' घसा खाकरल्यासारखा असतो, म्हणून तो इथे 'ख' दिसेल.)

बहुतेक पुस्तकं सांगतात की उपसर्ग तोडा आणि वाक्याच्या शेवटी टाका. परीक्षेपुरतं हे चालतं, पण आम्हाला पटत नाही. मराठी माणसाला याहून सोपी वाट आहे. आधी 'ओमडाट' म्हणजे 'कारण' घेऊन वाक्य करा:

ओमडाट इक मेइन पाराप्ल्यू मेनेम.
कारण मी माझी छत्री सोबत-घेतो.

शब्दाला शब्द लावून बघा. 'मे' म्हणजे सोबत, 'नेम' म्हणजे घेतो, आणि क्रियापद आपल्यासारखंच शेवटी. डच क्रियापदाचं घर हेच. आता 'ओमडाट' काढा आणि साधं वाक्य करा:

इक नेम मेइन पाराप्ल्यू मे.
मी घेतो माझी छत्री सोबत.

साध्या विधानात क्रियापदाला दुसऱ्या जागेवर यावंच लागतं, म्हणून 'नेम' उठून पुढे गेलं. 'मे' मात्र जिथे होतं तिथेच बसून आहे. उपसर्गाला कुणी शेवटी फेकलेलं नाही, क्रियापदच त्याला सोडून गेलंय. 'उद्या'ने सुरुवात केली तरी 'नेम' दुसरी जागा सोडत नाही: मॉर्खन नेम इक मेइन पाराप्ल्यू मे. फक्त 'इक' मागे सरकतो.

हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं आपोआप उलगडतं. 'मूट' (पाहिजे, लागतं) आलं की दुसरी खुर्ची त्याने अडवली. मग आपलं क्रियापद घरीच राहतं, अखंड: इक मूट मेइन पाराप्ल्यू मेनेमन. झालेली गोष्ट सांगताना 'हेप' (इंग्रजी 'have'सारखं) खुर्चीत बसतं आणि 'ख' मधल्या सांध्यात शिरतो: मे-ख-नोमन. 'टे' (इंग्रजी 'to'सारखा) हा शब्दही तिथेच घुसतो. नेदरलँड्सच्या ट्रेनमधून उतरताना कार्ड टेकवायची आठवण देणारी सूचना कानावर येते, 'व्हरखेट नीट आउट टे चेकन', म्हणजे चेक-आउट करायला विसरू नका. मूळ क्रियापद 'आउटचेकन', मध्ये 'टे'. (आणि हो, डच 'नीट' म्हणजे 'नाही'. पहिला महिनाभर याने सगळ्यांचीच गंमत होते.)

शेपटी, म्हणजे शेवटी बसून राहिलेला उपसर्ग, ऐकेपर्यंत अर्थ लावू नका. आमच्या एका विद्यार्थिनीने डॉक्टरांच्या दवाखान्यात निरोप ठेवला: इक झेख डे आफस्प्राक व्हान डोन्डरडाख ओम हाल्फ एल्फ... आणि फोन ठेवला. भेट रद्द करणं म्हणजे 'आफझेखन', आणि नेमका 'आफ' राहून गेला. नुसत्या 'झेख'चा अर्थ 'सांगते'. मराठीत कुणी "मी गुरुवारी साडेदहाला येणार" एवढंच म्हणून पुढचं 'नाही' गिळावं, तसा प्रकार. हो, साडेदहाच. 'हाल्फ एल्फ' म्हणजे अकराला अर्धा तास कमी. साडेअकरा समजून तासभर उशिरा पोचणारेही आम्ही पाहिलेत.

मग कुठलं क्रियापद तुटतं? बे, खे, एर, हेर, ओन्ट, व्हर हे उपसर्ग कधीच सुटत नाहीत, आणि त्यांना भूतकाळाचा 'ख'ही लागत नाही. ओप, आफ, आन, आउट, मे, इन, टेरुख हे साधारणपणे सुटतात. खरी डोकेदुखी ओन्डर, ओव्हर, डोर, ओम, व्होर यांची, कारण ते दोन्हीकडे खेळतात. तिथे कान लावा. जोर उपसर्गावर असेल तर तुटतं. 'ओन्डरखान'मध्ये 'ओन्डर'वर जोर दिला तर मावळणे: डे झोन खाट ओन्डर, सूर्य मावळतो. 'खान'वर जोर दिला तर सोसणे, एखादी शस्त्रक्रिया करून घेणे, आणि मग ते तुटत नाही. 'व्होरकोमन'चंही तसंच: पहिल्या अवयवावर जोर म्हणजे घडणे, दुसऱ्यावर म्हणजे घडू न देणे, टाळणे. अर्थ जवळजवळ उलटा.

शब्दकोशात बघताना शेपटी आधी जोडा, मग शोधा. वाक्यात 'नेम' दिसलं म्हणून 'नेमन' काढून बसू नका. शेवटी 'मे' आहे की 'आन' (स्वीकारणे), 'ओप' (फोन उचलणे, ध्वनिमुद्रण करणे) की 'टू' (वाढणे) हे पाहून मगच पान उघडा. बोलताना काही वेळा शेपटीनंतरही एखादा तुकडा येतो, 'इक बेल ये ओप ना हेट एटन', जेवणानंतर फोन करतो. त्याने गोंधळू नका.

शनिवारच्या वर्गाला येताना दिवसातली पाच कामं आधी 'ओमडाट' लावून आणि मग साध्या वाक्यात लिहून आणा: उठलो, फोन केला, ट्रेनमध्ये चढलो, उतरलो, भांडी घासली. पाचही तुटतात. अडलं तर वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वाक्याचा फोटो टाका, शेपटीसकट.