पाड्यांचा विकासनिधी (नाशिक जिल्हा)

आर्थिकदृष्ट्या मागे पडलेल्या वस्त्यांमध्ये पाणी, रस्ता, शाळाखोली, बंधारा, गोदाम अशी सामाईक कामे उभी करण्यासाठी जमा होणारा पैसा म्हणजे विकासनिधी. तो सरकारचा असतो, बँकेचा असतो, कंपन्यांचा असतो, तसाच लोकांच्या गाठीचाही असतो. नाशिक जिल्ह्यात हे सगळे प्रकार शेजारी शेजारी पाहायला मिळतात.

जिल्ह्याची सरासरी पाहून मात्र फसगत होते. निफाड-दिंडोरीची द्राक्षे, लासलगावचा कांदा, सातपूर-अंबडचे कारखाने यांमुळे नाशिक सधन दिसते. पण सुरगाणा आणि पेठ या डोंगराळ तालुक्यांत आदिवासी लोकसंख्या नव्वद टक्क्यांहून अधिक आहे. २०११च्या जनगणनेनुसार संपूर्ण जिल्ह्यात ती सुमारे २५.६ टक्के होती. या डोंगराळ पट्ट्यात पाऊस धो धो पडतो, पण काळा कातळ तो धरून ठेवत नाही. नार, पार आणि दमणगंगा पाणी घेऊन पश्चिमेला जातात आणि मार्च-एप्रिलपासून बायाबापड्यांची हंड्यांसाठी वणवण सुरू होते. नागली, वरई, भात निघाले की कुटुंबे द्राक्षबागांच्या कामाला खाली उतरतात. २०१८ साली देशातील ११२ आकांक्षित, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या जिल्ह्यांची यादी झाली. महाराष्ट्रातून नंदुरबार, गडचिरोली, वाशीम आणि उस्मानाबाद हे चार त्यात आले. नाशिक आले नाही. २०२२च्या अखेरीस सुरगाणा तालुक्यातील सीमेवरच्या गावांनी सोयी मिळत नाहीत म्हणून आम्हाला गुजरातला जोडा, अशी मागणी केली, तेव्हा कुठे हा पट्टा राज्यभरच्या बातम्यांत आला.

सामाईक कामाचा खर्च सामाईकपणे उचलण्याची रीत या जिल्ह्याला नवी नाही. बागलाण-कळवण भागात मोसम, आरम, गिरणा या नद्यांवर दगडी बंधारे घालून पाटाने पाणी खेळवणारी फड पद्धत शेकडो वर्षे चालली. फडात, म्हणजे शेतांच्या एका सलग गटात, एका हंगामाला एकच पीक, पाण्याची पाळी ठरलेली, पाटाचा गाळ सर्वांनी मिळून काढायचा. पाण्याची व्यवस्था पाहणाऱ्या पाटकरी, हवालदार, जागल्या यांना शेतकरी धान्याच्या रूपाने मोबदला देत. वर्गणी आणि हिशेब दोन्ही गावाच्या डोळ्यांसमोर असत, आणि ही व्यवस्था इतकी टिकली त्याचे खरे कारण तेच असावे.

आजचा मोठा प्रवाह आदिवासी उपयोजनेचा, म्हणजे आदिवासींसाठी वेगळ्या काढलेल्या सरकारी निधीचा आहे. पाचव्या पंचवार्षिक योजनेपासून तो सुरू झाला. सुकथनकर समितीच्या शिफारशीनंतर १९९३-९४पासून राज्याच्या योजनाखर्चापैकी आदिवासी लोकसंख्येच्या प्रमाणात, म्हणजे सुमारे ९ टक्के, रक्कम वेगळी काढून तिचे नियोजन आदिवासी विकास विभागाकडे देण्यात आले. या विभागाचे आयुक्तालय आणि १९७२ साली स्थापन झालेले आदिवासी विकास महामंडळ, दोन्हींची मुख्य कार्यालये नाशिक शहरातच आहेत. प्रकल्प कार्यालये नाशिक आणि कळवण येथे. ठक्कर बाप्पा वस्ती सुधारणा योजनेतून पाड्यांचे अंतर्गत रस्ते, समाजमंदिरे अशी कामे होतात.

या सगळ्यात वेगळा ठरतो तो पेसाचा, म्हणजे अनुसूचित (आदिवासीबहुल) क्षेत्रातील ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याचा, अबंध निधी. १९९६च्या पेसा कायद्याचे महाराष्ट्राचे नियम २०१४ साली आले आणि पुढच्याच वर्षी आदिवासी उपयोजनेच्या ५ टक्के रक्कम अनुसूचित क्षेत्रातील ग्रामपंचायतींना थेट देण्याचा निर्णय झाला. सुरगाणा, पेठ, कळवण हे तालुके या क्षेत्रात येतात. दिंडोरी, इगतपुरी, नाशिक, बागलाण यांतील काही गावेही. अबंध म्हणजे वरून ठरवून न आलेला: पैसा कशावर खर्चायचा ते ग्रामसभा ठरवते. नियमांनुसार पाड्यालाही स्वतंत्र गाव म्हणून घोषित होता येते आणि मग त्याची स्वतःची ग्रामसभा व कोष असू शकतो. मोठ्या गावाच्या ग्रामपंचायतीत चार मतांचा पाडा नेहमी मागच्या रांगेत बसे; त्याला ही तरतूद म्हणजे मोठाच आधार आहे.

अडचण येते ती वेळापत्रकाची. पावसाळ्यात या भागात बांधकाम करताच येत नाही. कामाला प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश या पायऱ्या चढेपर्यंत हिवाळा निम्मा सरतो, आणि मार्चअखेर डोक्यावर असते. (जिल्हा नियोजन समितीकडून जिल्हा परिषदेला मिळालेला निधी दोन वर्षांत खर्चता येतो, एवढीच काय ती सवलत.) नेमके याच महिन्यांत पाड्यावरची कामाची माणसे खाली बागांत असतात. गावाचा विकास आराखडा २ ऑक्टोबरच्या सुमारास बनू लागतो, द्राक्षांची छाटणीही तेव्हाच जोरात असते. २६ जानेवारीच्या ग्रामसभेलाही पाड्यावर मुख्यतः म्हातारी माणसे आणि लहान मुलेच उरलेली असतात. निधी कमी पडतो ही तक्रार खरी आहे, पण तो चुकीच्या महिन्यात येतो ही तक्रार अधिक खरी आहे, आणि ती पुरेशी मांडली जात नाही. रोजगार हमी याच स्थलांतराला उत्तर म्हणून हवी होती. १९७२च्या दुष्काळात उभी राहिलेली आणि १९७५च्या व्यवसाय कराने पोसलेली ही योजना म्हणजे शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या मजुराच्या कामासाठी दिलेला पैसा. मजुरी मात्र आठवड्याला हातात पडली तरच मजूर गावात थांबतो. बागेत उचल आधी मिळते.

केंद्रीय वित्त आयोगाच्या अनुदानाचा ८० टक्के भाग पंधराव्या आयोगाच्या काळात ग्रामपंचायतींना आणि उरलेला पंचायत समिती व जिल्हा परिषदेला निम्मा-निम्मा ठरला. २०२१-२२पासून त्यातील ६० टक्के रक्कम पाणी व स्वच्छतेलाच बांधलेली राहिली. आमदार-खासदार निधी, २०१३च्या कंपनी कायद्यातील दोन टक्क्यांचा सामाजिक खर्च हेही मार्ग आहेत. कंपन्यांचा पैसा कारखान्याच्या जवळपास घुटमळतो, सुरगाण्याच्या घाटापलीकडे क्वचित पोहोचतो.

कर्जाचा मार्ग शहराला जितका मोकळा आहे तितका गावाला नाही. नाशिक महापालिकेने १९९९ साली १०० कोटी रुपयांचे रोखे काढले. डोंगरातल्या ग्रामपंचायतीची घरपट्टी-पाणीपट्टी एवढी तुटपुंजी की तिला रोखेबाजारात कोण उभे करणार? तिच्यासाठी ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १३३खाली जिल्हा ग्रामविकास निधी आहे: प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नाचा पाव टक्का त्यात भरायचा आणि गरज पडेल तेव्हा त्यातून कर्ज घ्यायचे. कल्पना सुंदर आहे, पण गरीब पंचायतींच्या पाव टक्क्यातून गंगाजळी ती किती साठणार. घरोघरच्या गरजेला बचत गटांनी अधिक हात दिला; ग्रामीण विकासाची राष्ट्रीय बँक असलेल्या नाबार्डने १९९२ साली गट बँकांशी जोडायला सुरुवात केली, पुढे ग्रामीण महिलांच्या गटांसाठीचे उमेद अभियान आले.

लोकवर्गणीची अट आजही योजनांत आहे. जल जीवन मिशनमध्ये गावांतर्गत कामाच्या खर्चापैकी १० टक्के वाटा लोकांचा, डोंगराळ किंवा निम्म्याहून अधिक अनुसूचित जाती-जमाती असलेल्या गावांत ५ टक्के; तो रोख, साहित्य किंवा श्रमदान यांपैकी कशातही चालतो.

दिंडोरी तालुक्यातील वाघाड धरणाची कथा या संदर्भात महत्त्वाची आहे. कालव्याच्या टोकाला असलेल्या ओझरच्या शेतकऱ्यांना पाणी पोहोचत नव्हते. समाज परिवर्तन केंद्राचे बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या प्रयत्नांतून १९९०च्या सुमारास तेथे तीन पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या. संस्थेने पाणी मोजून घ्यायचे, सभासदांकडून पट्टी स्वतः वसूल करायची आणि शासनाला त्याचे पैसे भरायचे, असा हा व्यवहार. पुढे २४ संस्थांनी मिळून संपूर्ण प्रकल्पाचे व्यवस्थापन हाती घेतले, आणि शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा कायदा राज्याने २००५ साली केला.