मातीनं ऊन शेवटचं कधी पाहिलं?

कुठंही काही जुनं सापडलं की बातमीत एक वाक्य हमखास येतं: ‘नमुने कार्बन डेटिंगसाठी पाठवण्यात आले आहेत.’ मग ते नाणं असो, मूर्ती असो की दगडी पाया. वाचणाऱ्यालाही वाटतं, एखादं यंत्र असेल. वस्तू आत टाकली की वय छापून बाहेर. खरं तर कार्बन-१४ फक्त एकेकाळी जिवंत असलेल्या गोष्टींचं वय सांगतो: लाकूड, कोळसा, हाड, धान्य. तेही साधारण ५० हजार वर्षांपर्यंतच. दगडापुढं त्याची मात्रा चालत नाही.

याचं माझं सगळ्यात लाडकं उदाहरण इंग्लंडमधलं आहे. ऑक्सफर्डशायरमध्ये अफिंग्टन गावाजवळ व्हाइट हॉर्स हिल नावाची टेकडी आहे. उंची २६१ मीटर. सह्याद्रीत वाढलेला माणूस तिला डोंगर म्हणायलाही तयार होणार नाही. माथ्यावर लोहयुगातल्या मातीच्या किल्ल्याचा तट, शेजारून जाणारी ‘रिजवे’ ही प्राचीन पायवाट, आणि हिरव्या उतारावर सुमारे ११० मीटर लांबीचा एक पांढराशुभ्र घोडा. घोडा म्हणजे पाच-सात वळणदार फटकारे. पाठीची एक सलग रेघ, धडापासून सुटलेले दोन पाय, चोचीसारखं तोंड आणि एक ठिपका डोळ्याचा. चार पायांवर उभा राहिलेला गुबगुबीत घोडा काढणं सोपं असतं, हा पळतोय.

पांढरा रंग दगडाचाच. अख्खी टेकडी खडूच्या दगडाची आहे. सुमारे १० कोटी ते ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथं उबदार समुद्र होता. त्यातल्या सूक्ष्म शैवालांची चुनकट कवचं तळाशी साचत गेली आणि त्यांचा शेकडो मीटर जाडीचा थर झाला. तो काळ संपता संपता आपल्याकडे दख्खनचा लाव्हा वाहत होता, म्हणजे त्यांचा पांढरा दगड संपतो तिथं आपला काळा सुरू होतो. पुढं हिमयुगात जमीन खोलवर गोठली, वितळलेलं पाणी मुरेना, ते वरूनच धावलं आणि घोड्याच्या खाली ‘मँजर’ नावाची कोरडी, घड्या पडलेली दरी तयार झाली.

आता गंमत अशी, की खडूत कार्बन भरपूर असतो. कॅल्शियम कार्बोनेटच्या वजनात तो १२ टक्के भरतो. पण त्यातला कार्बन-१४ केव्हाच संपलाय. ५,७३० वर्षांनी निम्मा होणारा पदार्थ कोट्यवधी वर्षांत किती उरणार? आणि उरला असता तरी त्यानं शैवालाचं वय सांगितलं असतं, घोड्याचं नव्हे.

त्यामुळं अडीचशे वर्षं अंदाजांचा बाजार भरला होता. फ्रान्सिस वाइज या अभ्यासकानं १७३८मध्ये ठासून सांगितलं की पुढं राजा झालेल्या सॅक्सन आल्फ्रेडच्या फौजेनं इ.स. ८७१मध्ये अ‍ॅशडाउनला डेन लोकांना हरवलं, त्याचं हे स्मारक. कुणी त्याच्याही आधीच्या सॅक्सन सरदाराचं नाव घेतलं. पुरातत्त्वज्ञ स्टुअर्ट पिगट यांनी १९३१मध्ये लोहयुगातल्या नाण्यांवरचे सुटसुटीत घोडे पुढं केले आणि हाही त्याच काळातला असं सुचवलं. यात पिगट यांचा तर्क सगळ्यात शहाणा, पण शेवटी तोही ‘दिसतो तसा म्हणून तेव्हाचा’ याच जातीचा.

१९९०च्या सुमारास डेव्हिड माइल्स आणि सायमन पामर या पुरातत्त्वज्ञांनी घोड्याच्या अंगात चर घेतले. तोवर सगळे धरून चालले होते की वरचं गवत खरवडून खालचा पांढरा दगड उघडा केलाय. निघालं वेगळंच. घोडा म्हणजे खणलेले चर, काही ठिकाणी जवळजवळ मीटरभर खोल, आणि त्यांत ठेचून भरलेला खडू. चोचीपाशी तर खडूचे थर एकावर एक होते आणि मधे उतारावरून वाहून आलेली बारीक माती अडकली होती. तीच कामाची. कारण खडूचं वय घोड्याशी संबंधित नाही, पण ही माती झाकली गेली तेव्हा घोडा तिथं होता.

आणि माती कधी झाकली गेली, हे मोजता येतं. या पद्धतीचं नाव ओएसएल, म्हणजे प्रकाशानं चेतवून मिळणाऱ्या दीप्तीवरून कालमापन. डेव्हिड हंटली आणि सहकाऱ्यांनी कॅनडातून १९८५मध्ये ती मांडली.

मातीत क्वार्ट्झचे कण असतात. खडूत ते नगण्य, पण दक्षिण इंग्लंडच्या टेकड्यांवर हिमयुगातल्या वाऱ्यांनी आणून टाकलेली बारीक धूळ आहे, त्यातून ते मिळतात. क्वार्ट्झचा स्फटिक कधीच निर्दोष नसतो. कुठं अणू गायब, कुठं परका अणू घुसलेला. आजूबाजूच्या मातीत युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम-४० अत्यल्प प्रमाणात असतातच. त्यांचे किरण आणि आकाशातून येणारे वैश्विक किरण स्फटिकातून जाताना इलेक्ट्रॉन जागचे उडवतात. त्यांतले काही या दोषांत अडकून बसतात आणि हजारो वर्षं हलत नाहीत. ऊन लागलं की मात्र काही सेकंदांत ते सुटतात. दारातला रांजण जसा थेंबथेंब भरत राहावा आणि कुणी तरी येऊन झटक्यात पालथा करावा, तसं. पालथा करणारं ऊन. कण झाकला गेला की रांजण पुन्हा पहिल्या थेंबापासून भरू लागतो.

म्हणून नमुना उन्हात काढून चालत नाही. अपारदर्शक नळी चराच्या भिंतीत ठोकायची, दोन्ही तोंडं बंद करायची आणि ती फोटोच्या डार्करूमसारख्या मंद लाल-नारिंगी उजेडातच उघडायची. नळीच्या टोकांकडची माती वेगळी काढायची, कारण तिला ऊन लागलेलं असतं. मग चाळून एका मापाचे कण घ्यायचे, बहुधा मिलिमीटरच्या दशांश-दोन दशांशाचे, आणि हायड्रोफ्लुओरिक आम्लात टाकायचे. त्यानं बाकीची खनिजं जातात आणि क्वार्ट्झची साल निघते. ती काढायची, कारण बाहेरून येणारे अल्फा किरण तेवढ्या सालीपर्यंतच पोचतात. ती गेली की हिशोबातून अल्फाची कटकट गेली.

आता कणांवर निळा प्रकाश टाकायचा. अडकलेले इलेक्ट्रॉन सुटतात, स्फटिकातल्या दुसऱ्या जागी जाऊन बसतात आणि बसताना जंबुपार (अतिनील) प्रकाशाचा कण सोडतात. इथं चाणाक्ष वाचक अडेल: कमी ऊर्जेचा निळा प्रकाश घालून जास्त ऊर्जेचा जंबुपार कसा मिळाला? निळ्यानं फक्त खिळ काढली; वरची ऊर्जा किरणोत्सर्गानं हजारो वर्षांत आत साठवलेली होती. हा फरक फार सोयीचा आहे. मोजणाऱ्या उपकरणासमोर निळं अडवणारी काच लावली की आपलाच प्रकाश आपल्याला फसवत नाही.

मग त्याच कणांना प्रयोगशाळेत मोजून किरणोत्सर्ग द्यायचा, पुन्हा उजेड मोजायचा, पुन्हा वेगळी मात्रा, पुन्हा मोजणी. दर वेळी कणाची संवेदनक्षमता बदलते, म्हणून मधे मधे छोटी ठरावीक मात्रा देऊन तीही तपासायची. मरे आणि विंटल यांनी २०००मध्ये घालून दिलेला हा क्रम आता जगभर चालतो. यातून कळतं की मूळचा उजेड किती मात्रेएवढा होता. त्या मात्रेला वर्षाकाठच्या मात्रेनं भागलं की वय. समजा मात्रा ३ ग्रे (ग्रे हे किरणोत्सर्गाच्या मात्रेचं एकक) निघाली आणि माती दर हजार वर्षांना १ ग्रे देत असेल, तर ३ हजार वर्षं.

भागाकार सोपा, पण छेद छळतो. गॅमा किरण फूटभर अंतरावरून येतात, म्हणजे शेजारचा थरही मोजावा लागतो. मातीत पाणी असेल तर ते किरण शोषतं. तीन हजार वर्षं ती किती ओली होती? शिवाय उतारावरून ढेकळं घरंगळत आली असतील तर आतल्या कणांना ऊन लागलेलंच नसतं आणि वय फुगतं. अफिंग्टनचं उत्तर म्हणून ऐसपैस आलं: साधारण इ.स.पू. १३८० ते ५५०. आठशे वर्षांची फट आहे, तरी आल्फ्रेड त्यातून साफ बाहेर पडला आणि पिगट यांचा काळही मागं सरकला. सरळ मातीलाच विचारायचं, ही गोष्ट मला कुठल्याही नाण्यापेक्षा पटते.

उलटही घडतं. डॉर्सेटमधल्या सर्न अ‍ॅबसच्या ५५ मीटर उंच नग्न पुरुषाला कुणी प्रागैतिहासिक म्हणत, कुणी सतराव्या शतकातल्या क्रॉमवेल या सत्ताधीशाची टिंगल. २०२१मध्ये याच पद्धतीनं उत्तर दिलं: इ.स. ७०० ते ११००. दोन्ही पक्ष आपटले.

घोडा आकाशातूनच नीट दिसतो, म्हणून तो परग्रहवासीयांसाठी, असे व्हिडिओ आहेत. नीट दिसत नाही हे खरं. पण देवळाच्या शिखरावरचं कोरीवकामही खालून दिसत नाही, म्हणून ते कुणी यानातून पाहावं यासाठी नसतं. पायथ्याच्या ड्रॅगन हिलवर सेंट जॉर्जनं ड्रॅगन मारला आणि रक्त सांडलं तिथं गवत उगवत नाही, अशी कथा आहे. तो उघडा पडलेला खडू आहे. घोड्याच्या डोळ्यावर उभं राहून तीन गिरक्या घेतल्या की इच्छा पुरी होते म्हणे. डोळा झिजतो, एवढं नक्की.

रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवरच्या कातळशिल्पांचं वय असंच काढा की, असं कुणी म्हणेल. २०२२पासून ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत, तेव्हा प्रश्न रास्तच. पण जांभ्यात कोरलेल्या रेघेत साचलेली माती फार तर ‘रेघ यापेक्षा जुनी’ एवढंच सांगेल, तीही पातळ, दर उन्हाळ्यात उघडी पडणारी. आणि खालच्या बेसाल्टमध्ये क्वार्ट्झ जवळजवळ नसतोच.

अफिंग्टनला दुसरी अडचण आहे. घोडा निगराणीवाचून टिकत नाही. काही दशकं दुर्लक्ष झालं तर गवत त्याला गिळेल. म्हणजे शंभरावर पिढ्यांनी तो राखलाय, आणि त्यांतल्या बहुतेकांनी एक ओळही लिहून ठेवलेली नाही. अलीकडच्या शतकांत सफाईला जत्रा भरायची, मँजरच्या उतारावरून चीजचे गोळे सोडायचे. दुसऱ्या महायुद्धात जर्मन वैमानिकांना खूण मिळू नये म्हणून तो झाकून टाकला होता. आता नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेचे स्वयंसेवक उन्हाळ्यात गुडघ्यांवर बसून हातोड्यांनी नवा खडू ठेचतात. तरीही हवाई छायाचित्रं लावून पाहिल्यावर दिसलं की कडेचं गवत आत सरकून घोडा बारीक झालाय, मान आणि डोकं काही ठिकाणी निम्म्यावर आलंय. अलीकडे कडा पुन्हा सोलायला घेतल्या. त्याच कामात सगळ्यात खालच्या थरांतली माती नव्या ओएसएल मोजणीसाठी काढली. आता एकेक कण वेगळा मोजता येतो, त्यामुळं ऊन न लागलेले कण बाजूला काढून ती आठशे वर्षांची फट कमी करता येईल.