‘ग्राफीनवाला सेन्सर आहे का?’ : आमच्या ग्राहकांसाठी थोडी माहिती

बडोद्याच्या मकरपुरा आणि नंदेसरी या औद्योगिक वसाहतींतल्या कारखान्यांतून हल्ली हीच विचारणा होते. हवेतला वायू ओळखणारा असा सेन्सर आहे, पण तो कुठे लावायचा आणि कुठे नाही, हे आधी ठरवावे लागते.

ग्राफीन म्हणजे कार्बनच्या अणूंचा एकच थर. मँचेस्टरमध्ये गाइम आणि नोव्होसेलोव्ह यांनी 2004 साली तो चक्क चिकटपट्टीने ग्रॅफाइटवरून सोलून काढला आणि 2010 चे नोबेल मिळवले. मॉलिब्डेनम डायसल्फाइड हा पदार्थही त्याच द्विमितीय, म्हणजे एका थराच्या जातीतला, आणि सेन्सरसाठी तोही वापरतात. एका थराची जाडी जेमतेम 0.65 नॅनोमीटर. एवढ्या पातळ पदार्थाला ‘आतला भाग’ उरतच नाही, सगळा पृष्ठभागच. त्यामुळे वायूचे थोडे रेणू येऊन बसले तरी विद्युतरोध हलतो. नायट्रोजन डायऑक्साइड या डायसल्फाइडमधले इलेक्ट्रॉन ओढून घेतो आणि रोध वाढतो. अमोनिया इलेक्ट्रॉन देतो आणि रोध घटतो. ग्राफीनवर तर 2007 मध्ये एकेका रेणूचे बसणे-उठणे टिपले गेले. अर्थात प्रयोगशाळेत, बॉयलरशेजारी नव्हे!

दुसरा फायदा विजेचा. टिन ऑक्साइडच्या जुन्या सेन्सरला आतला हीटर साधारण 200 ते 400 अंश सेल्सिअसवर तापता ठेवावा लागतो. हे नवे सेन्सर खोलीच्या तापमानालाही वायू ओळखतात, म्हणून बॅटरीवर बरेच दिवस चालू शकतात.

आता अडचणी, कारण डेटाशीटवर त्या बारीक अक्षरांत असतात. पहिली म्हणजे आपला पावसाळा. श्रावणातल्या बडोद्याच्या हवेत पाण्याचे रेणूही त्याच थरावर येऊन बसतात आणि आकडा सरकतो. दुसरी, वायू निघून गेला तरी रेणू लवकर सुटत नाहीत. थर थोडा तापवून किंवा त्यावर अतिनील प्रकाश टाकून ते हटवावे लागतात. तिसरी, आणि आमच्या मते सगळ्यात मोठी: रोध बदलला एवढेच कळते, कोणत्या वायूने बदलला ते एकट्या सेन्सरला सांगता येत नाही.

म्हणून कोल्ड स्टोरेजमध्ये अमोनियाच्या गळतीचा अलार्म इलेक्ट्रोकेमिकल सेलवरच (वायूच्या रासायनिक क्रियेतून निघणारा विद्युतप्रवाह मोजणाऱ्या जुन्या सेन्सरवरच) ठेवा. 1948 च्या कारखाना कायद्यातली मर्यादा आठ तासांच्या सरासरीला 25 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत 25 भाग) आणि थोड्या वेळासाठी 35 पीपीएम होती. तिथे माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे, नव्या मालाची परीक्षा तिथे नको. तो विकायचा आग्रह आम्ही धरणार नाही.

कुंपणाजवळच्या हवेचे तसे नाही. नायट्रोजन डायऑक्साइडची 24 तासांची राष्ट्रीय मर्यादा घनमीटरला 80 मायक्रोग्रॅम, म्हणजे सुमारे 43 पीपीबी (हवेच्या शंभर कोटी भागांत 43 भाग). इतक्या विरळ वायूसाठी पातळ थराची संवेदनशीलता खरोखर कामाची आहे. मात्र शेजारी आर्द्रतामापक हवाच, आणि कॅलिब्रेशन (माहीत असलेल्या प्रमाणाशी आकडा जुळवून घेणे) एकदा उन्हाळ्यात, एकदा भर पावसाळ्यात.

चौकशीला येताना तीन गोष्टी लिहून आणा: कोणता वायू, साधारण किती प्रमाणात, आणि त्या जागी आणखी कोणते वायू असतात. तिसरी बहुतेक जण विसरतात.