डोमेन आजही घ्यावं का? आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नमस्कार.

आमच्या साइट बनवायच्या ऑफिसात येणारे बहुतेक दुकानदार हल्ली एकच प्रश्न विचारतात. "भाऊ, ऑर्डर व्हॉट्सअ‍ॅपवर येतात, फोटो इन्स्टावर टाकतो, दुकान गूगल मॅपवर दिसतं. मग ते डॉट कॉम कशाला?" डॉट कॉम म्हणजे डोमेन, इंटरनेटवरचा तुमच्या स्वतःच्या नावाचा पत्ता. प्रश्न रास्त आहे. काउंटरवर उभ्या उभ्या त्याचं नीट उत्तर देता येत नाही, म्हणून हे पत्रक. जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या आमच्या सगळ्या ग्राहकांनी ते एकदा निवांत वाचावं.

आधी तुमच्या बाजूनं बोलतो. नुसत्या नावामुळे गिऱ्हाईक येण्याचे दिवस गेले. पूर्वी लोक साइटचा पत्ता टाइप करायचे. 2008 साली क्रोम ब्राउझर आला आणि त्यात पत्ता टाकायची पट्टी आणि शोधायची पट्टी एकच झाली. मग प्रत्येकाच्या हातात मोबाइल आला. आता माणूस फोनला तोंडानं सांगतो, "जळगावची केळी वेफर्स दाखव," आणि समोर जे येतं त्यावर बोट ठेवतो. तेव्हा 'स्वस्तकेळीवेफर्सजळगाव' असलं लांबलचक नाव घेतलं की गूगलवर पहिला नंबर लागतो असं कोणी सांगत असेल, तर त्याला पैसे देऊ नका. नावात शब्द जुळवलेले आणि आत काहीच दम नाही, अशा साइट गूगलनं सप्टेंबर 2012 मध्येच खाली ढकलल्या.

गल्लीतल्या चाळीस घरांना डबे देणाऱ्या काकू आल्या, तर आम्ही त्यांना डोमेन घ्यायला सांगत नाही. त्यांचं काम फोनवर उत्तम चालतं.

पण पाकिटावर, पोत्यावर, बिलबुकावर किंवा टेम्पोच्या मागे पत्ता छापणाऱ्या प्रत्येकाला डोमेन लागतं, असं आमचं ठाम मत आहे. छापलेली गोष्ट परत घेता येत नाही.

सातबारा कोणाच्या नावावर?

शेत कोण कसतो हे एक, आणि सातबाऱ्यावर नाव कोणाचं हे दुसरं. खान्देशात हा फरक कोणाला समजावून सांगावा लागत नाही. इन्स्टाचं पान तुम्ही कसता, घाम तुमचा, फोटो तुमचे, पण उतारा त्या कंपनीच्या नावावर आहे. ती केव्हाही म्हणू शकते, उद्यापासून बंद.

हे उगाच घाबरवण्यासाठी लिहीत नाही. गूगलनं दुकानदारांना बिझनेस प्रोफाइलवरून फुकट साइट बनवून दिल्या होत्या, शेवटी 'डॉट बिझनेस डॉट साइट' असलेल्या. मार्च 2024 मध्ये त्या बंद झाल्या. 10 जून 2024 पर्यंत तो पत्ता उघडला की माणूस दुकानाच्या प्रोफाइलवर जायचा, त्यानंतर तेही थांबलं. ज्यांनी तो पत्ता फलकावर रंगवून घेतला होता, त्यांच्या फलकावर आता कुठेही न जाणारा पत्ता आहे. त्याआधी 29 जून 2020 ला टिकटॉकसह 59 अ‍ॅपवर केंद्र सरकारनं बंदी घातली. लोकांनी मेहनतीनं जमवलेला प्रेक्षक एका रात्रीत गेला. त्यातल्या कोणाचीच चूक नव्हती.

डोमेनचा उतारा तुमच्या नावावर राहतो. साइट आज आमच्याकडे आहे, उद्या दुसऱ्याकडून करून घ्या, होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायची जागा, बदला, सगळं दुकान मोडून नुसता व्हॉट्सअ‍ॅपचा दुवा त्या नावामागे लावा, पाकिटावर छापलेला पत्ता तोच राहतो. गिऱ्हाइकाला काही कळतसुद्धा नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. सातबारा म्हणालो खरं, पण डोमेन कायमचं विकत मिळत नाही. वर्षाच्या बोलीवर मिळतं, एका वेळी जास्तीत जास्त 10 वर्षांसाठी. मुदत संपायच्या आत पैसे भरत राहिलात तर ते तुमचंच राहतं. खर्च नेहमीच्या नावाला वर्षाला साधारण हजार रुपयांच्या आसपास. पहिल्या वर्षी 99 रुपयांची जाहिरात पाहून धावू नका, दुसऱ्या वर्षीचा भाव आधी विचारा.

अमळनेरच्या ताई

अमळनेरकडच्या एक ताई बिबडे (ज्वारीचे पापड), नागलीचे पापड आणि गव्हाच्या कुरडया करतात. माल मुख्यतः पुण्याला आणि सुरतेला जातो, तिकडे आपली माणसं खूप. साइट आम्हीच केली होती. नाव मात्र त्यांच्या भाच्यानं आधीच घेऊन ठेवलेलं होतं, शिकत असताना, कॉलेजच्या ईमेलवर.

एका एप्रिलमध्ये सुरतहून त्यांना फोन आला, साइट उघडली की भलतीच जाहिरात दिसते. ताई दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं जळगावला आल्या. पिशवीतून त्यांनी बिबड्यांचं पाकीट काढून टेबलावर ठेवलं. पारदर्शक खिडकीच्या खाली लाल बारीक अक्षरांत साइटचा पत्ता. हंगामाचा सगळा रोल छापून आला होता. एक अक्षर बदलायचं तरी त्या रंगाचा नवा सिलिंडर करावा लागतो आणि छापलेला रोल वाया जातो. पाकिटावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "आते काय करानं, भाऊ?"

पाहिलं तर नावाची मुदत संपून 52 दिवस झाले होते. सूचना गेल्या होत्या, पण भाच्याच्या कॉलेजच्या ईमेलवर, आणि पदवी झाल्यावर तो ईमेल बंद पडलेला. भाचा नोकरीला परगावी, त्याचा जुना मोबाइल नंबरही बदललेला, त्यामुळे ओटीपी जाणार कुठे? आधी त्याची ओळख पटवायची कागदपत्रं, मग नाव सोडवून घ्यायचा दंड, तो वर्षाच्या फीच्या कितीतरी पट. नाव परत मिळालं, पण त्यात नऊ दिवस गेले आणि नेमकी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, त्यात आली. लेकी माहेरी आलेल्या असतात, परत जाताना डबे भरून पापड-कुरडया नेतात, परगावची घरंही त्याच दिवसांत मागवतात. तो आठवडा ताईंचा बुडाला.

यात चूक आमचीही होती. साइट करताना नाव कोणाच्या ईमेलवर आहे, हे आम्ही विचारलं नव्हतं. तेव्हापासून तो प्रश्न पहिला विचारतो, आणि कोणत्याही ग्राहकाचं डोमेन आमच्या नावावर घेत नाही. दुसरा कोणी "माझ्याच खात्यात राहू द्या, सोपं पडतं" म्हणत असेल तर नम्रपणे नाही म्हणा, मग तो घरचा माणूस का असेना.

मुदत संपल्यावर काय होतं

डॉट कॉमसारख्या नावांचा क्रम असा. मुदत संपायच्या साधारण महिनाभर आधी एक सूचना येते, आठवडाभर आधी दुसरी, आणि संपल्यानंतर पाच दिवसांच्या आत आणखी एक. मुदत संपली की नावं विकणाऱ्या बऱ्याच कंपन्या काही दिवस नेहमीच्या भावात नूतनीकरण करू देतात. ही सवलत जास्तीत जास्त 45 दिवस, कंपनीगणिक कमी-जास्त. त्यानंतर 30 दिवसांचा टप्पा असतो, त्यात नाव सोडवता येतं पण मोठा दंड भरून. ताईंचं नाव याच टप्प्यात होतं. मग 5 दिवस नाव कोणालाच मिळत नाही, आणि त्यानंतर जो आधी येईल त्याचं. जुनी, चालती नावं टिपायला लोक टपून बसलेले असतात. एकदा गेलं की परत मागणं म्हणजे त्यांच्या भावानं विकत घेणं.

नवीन नाव घेतल्यावर ईमेलची खात्री करायला एक दुवा येतो, त्यावर 15 दिवसांत क्लिक करावं लागतं. जाहिरात समजून पुसून टाकलात तर चालू साइट बंद पडते. दर दोन-तीन महिन्यांनी यावरून एक तरी घाबरलेला फोन येतोच.

नाव कसं निवडावं

समजा ब्रँडचं नाव 'वाळवण' आहे. इंग्रजी अक्षरांत लिहा पाहू. पहिल्या 'व'ला व्ही की डब्ल्यू? 'आ'ला एक ए की दोन? दुसऱ्या 'व'ला पुन्हा व्ही की डब्ल्यू? एवढ्यातच आठ स्पेलिंगं झाली, 'ळ'चा तर अजून विचारच केला नाही. गिऱ्हाईक ऐकून लिहितं, आणि प्रत्येक जण आपापल्या सवयीनं लिहितो.

म्हणून आम्ही एक साधी परीक्षा घेतो. परगावच्या नातेवाइकाला फोन लावा, नाव एकदाच सांगा, स्पेलिंग सांगू नका, आणि त्यांनी काय लिहिलं ते व्हॉट्सअ‍ॅपवर मागवा. पाच जणांपैकी चौघांनी एकसारखं लिहिलं तर नाव चांगलं. दोन स्पेलिंगं सारखीच चालत असतील तर दोन्ही घ्या, दुसरं पहिल्याकडे वळवता येतं. मधे आडवी रेघ आणि आकडे टाळा.

डॉट कॉम की डॉट इन? माल देशातच विकायचा असेल तर डॉट इन अगदी पुरेसं आहे. आपल्या देशाचं हे नाव नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया ही संस्था सांभाळते. 2014 पासून देवनागरीत 'डॉट भारत' हे नावही मिळतं, म्हणजे पत्ता चक्क मराठीत. आम्हाला ते मनापासून आवडतं, पण काही अ‍ॅप आणि ईमेल सेवा अजून ते नीट ओळखत नाहीत. मुख्य नाव इंग्रजी अक्षरांत ठेवा आणि डॉट भारत त्याच्या जोडीला घ्या.

नावाची किंमत बँकांना विचारा

डोमेनला अर्थ उरला नाही म्हणणाऱ्यांना आम्ही हेच सांगतो. रिझर्व्ह बँकेनं एप्रिल 2025 मध्ये देशातल्या बँकांना आदेश दिला, 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत आपापल्या साइट 'डॉट बँक डॉट इन' या शेवटावर न्या. हा शेवट बँकेशिवाय कोणाला मिळत नाही. फसवणूक रोखायला नावाचाच आधार घ्यावा लागला.

हे तुम्हालाही कामाचं आहे. आलेल्या दुव्यात पहिली एकेरी तिरपी रेघ कुठे आहे ते पाहा आणि तिथून डावीकडे, मागे वाचत जा. रेघेला चिकटलेले शेवटचे शब्द हाच खरा मालक. सुरुवातीला बँकेचं नाव कितीही ठळक असलं आणि शेवट भलत्याच डॉट कॉमचा असला, तर ती बँक नव्हे. घरच्या म्हाताऱ्या माणसांना एवढं तरी नक्की शिकवा.

ईमेलचंही तेच. आपल्याकडच्या दालमिलवाल्यांचा, चटईवाल्यांचा माल दूरदूर जातो. खरेदीदाराला जीमेलवरून एक पत्र येतं, तुमच्या पत्त्यात एकच अक्षर इकडचं तिकडे, "आमचं बँक खातं बदललं आहे, रक्कम या खात्यात टाका." फुकटचा जीमेल पत्ता कोणीही तुमच्या नावासारखा बनवू शकतो. स्वतःच्या डोमेनचा ईमेल असेल तर खरेदीदाराला एवढंच सांगायचं, या नावाशिवाय दुसरीकडून आलेलं बिल मानू नका. डोमेनचंही जवळपास सारखं नाव घेऊन कोणी फसवू शकतं, तेव्हा खातं बदलल्याचं पत्र आलं की त्यानं फोन करूनच खात्री करावी. आणि तुमच्या डोमेनवर एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क या तीन नोंदी लावून घ्या. पत्र खरंच तुमच्याकडून आलंय की नाही, हे समोरच्या ईमेल सेवेला त्यावरून तपासता येतं. काम तासाभराचं आहे, आमच्या ग्राहकांना त्याचे वेगळे पैसे नाहीत.

ऑफिसला येताना

तुमचं डोमेन कोणाच्या नावावर आहे ते तपासून देणं फुकट आहे, साइट दुसऱ्याकडून केलेली असली तरी. येताना डोमेनचं शेवटचं बिल आणा, नसेल तर पाकीट किंवा व्हिजिटिंग कार्ड चालेल. ज्या मोबाइलवर ओटीपी येतो तो सोबत हवा. आणि असा ईमेल हवा जो तुम्ही स्वतः उघडता, मुलाचा किंवा भाच्याचा नाही. नाव दुसऱ्याच्या खात्यात सापडलं, तर त्यांच्याकडून ऑथ कोड, म्हणजे नाव दुसऱ्या कंपनीकडे हलवायचा गुप्त कोड, मागवावा लागतो. डॉट कॉमच्या बाबतीत, मालकानं मागितला की कंपनीनं तो पाच दिवसांत द्यायचा असतो. फक्त नाव नव्यानं घेतल्यावर 60 दिवस दुसऱ्या कंपनीकडे हलवता येत नाही, तेवढं धरून चाला.

पाकिटाचा पुढचा रोल छापायला टाकायच्या आधी या.