उपशामक व वृद्धसेवेतील समाजकार्य (सातारा–सांगली)

बरा न होणारा आजार किंवा वार्धक्य यांमुळे परावलंबी झालेल्या माणसाला आणि त्याची शुश्रूषा करणाऱ्या घराला आधार देणारी समाजकार्याची शाखा. औषधांचा खर्च कोण उचलतो, रात्री कोण जागते, जमिनीच्या वाटणीवरून कोणाचे बोलणे बंद आहे, हे पाहणे समाजकार्यकर्त्याच्या वाट्याला येते.

भारतातील पहिले हॉस्पिस (अखेरच्या दिवसांतील रुग्णांचे शुश्रूषागृह), शांती अवेदना सदन, १९८६ मध्ये मुंबईत सुरू झाले. केंद्राचा उपशामक सेवेचा, म्हणजे आजार बरा होत नसला तरी वेदना व त्रास कमी करणाऱ्या सेवेचा, राष्ट्रीय कार्यक्रम २०१२ चा. या भागात मात्र बहुतेक रुग्ण शेवटचे दिवस घरीच काढतात. आटपाडी-खानापूरकडील मुले गलाई (सोने-चांदी गाळण्याच्या) व्यवसायासाठी परराज्यांत, तर जावळी-पाटणकडील मुंबईत. निर्णय फोनवर होतात आणि उशाशी बसलेली असते सत्तरीची बायको किंवा एकटी सून. म्हणून पहिल्या भेटीत रुग्णाइतकाच वेळ तिला द्यावा: झोप किती होते, कूस बदलायला कोणी हाताशी आहे का, हे विचारावे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते; एकटीच्याने ते निभत नाही आणि पाठीला जखमा होतात. अशा वेळी आशा सेविका, भावकी, शेजारी यांच्या पाळ्या लावून देणे हे खरे काम.

सर्वाधिक घोळ मॉर्फीन या तीव्र वेदनेवरच्या औषधाच्या गोळीवरून होतो. साधी गोळी सहसा दर चार तासांनी, घड्याळ लावून द्यायची असते. ‘फार दुखलं तरच देऊ’ म्हणून घरचे गोळ्या राखून ठेवतात, किंवा ती म्हणजे शेवटच, असे समजून देतच नाहीत. वेदना एकदा चढली की आटोक्यात आणणे अवघड जाते. या गोळीने बद्धकोष्ठता जवळपास ठरलेली. तिचे औषध सुरुवातीपासून सोबत नसेल, तर रुग्ण स्वतःच गोळी नाकारतो. मात्रा डॉक्टर ठरवतात. वेळापत्रक मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीला लावणे आणि पुढच्या भेटीत उरलेल्या गोळ्या मोजणे समाजकार्यकर्त्याने करावे. ‘त्यांना आजाराचं काही सांगू नका’ असा आग्रह घरोघरी असतो. त्यावर वाद घालू नये. रुग्णाला काय ठाऊक आहे आणि आणखी किती जाणून घ्यायचे आहे, हे त्यालाच हळूहळू विचारावे. बहुतेकांना बरेच कळलेले असते.

कागदपत्रांची बाजू पक्की हवी. श्रावणबाळ योजनेत ६५ वर्षांवरील निराधारांना दरमहा १,५०० रुपये मिळतात. अर्ज तहसील कार्यालयात जातो. अडते ते बहुधा उत्पन्नाच्या दाखल्यावर, आधार-बँक जोडणीवर किंवा राबून झिजलेल्या अंगठ्याच्या न उमटणाऱ्या ठशावर. ठसा नसेल तर डोळ्यांच्या स्कॅनचा आग्रह धरावा. मुले सांभाळत नसतील तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानुसार प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे निर्वाहभत्ता मागता येतो. मूळ कायद्यातील कमाल मर्यादा दरमहा १०,००० रुपये आहे. घर-जमीन मुलांच्या नावे करताना ‘सांभाळ करावा’ ही अट बक्षीसपत्रात लिहून घ्यावी. ती नसेल तर याच कायद्याच्या कलम २३ खाली व्यवहार रद्द करून घेणे फार अवघड होते. तातडीच्या मदतीसाठी ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७.

या कामासाठी बीएसडब्ल्यू (समाजकार्यातील पदवी) आणि त्यापुढे दोन वर्षांची एमएसडब्ल्यू (पदव्युत्तर पदवी) ही वाट आहे. साताऱ्याजवळ जकातवाडीला यशवंतराव चव्हाण स्कूल ऑफ सोशल वर्क आहे. क्षेत्रकार्यासाठी, म्हणजे शिकतानाच्या प्रत्यक्ष कामासाठी, रुग्णालय मागून घ्यावे, कारण मृत्यूशय्येजवळ बसण्याची सवय वर्गात लागत नाही. सरकारी रुग्णालयातील पदाला समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय) म्हणतात. जागा मोजक्या निघतात. बाकी कामे मिरज-कराडची मोठी रुग्णालये, वृद्धाश्रम आणि संस्थांमध्ये, बरीचशी कंत्राटी. नेमणूक घेताना प्रवासखर्च वेगळा मिळतो का, हे आधी विचारावे. घरभेटी याच कारणाने बंद पडतात. रुग्ण गेल्यावर तेराव्यानंतर एक भेट ठरलेली असावी. पाहुणे पांगलेले असतात आणि मृत्यूचा दाखला, बँक खाते, वारसनोंद ही कामे तेव्हाच सुरू होतात.