कॉम्प्युटर अंकगणिताचं मानक आणि आधीची पेटंटं: बोलायला कोण बांधील, हमीपत्र कसं, हरकत कुठे

मानकात छापून आलं म्हणजे ते वापरायला मोकळं, हा समज महापे, ऐरोली आणि वागळे इस्टेटमधल्या चिप-सॉफ्टवेअर कंपन्यांत अजून घट्ट बसलेला आहे. आकडेमोडीच्या लायब्ऱ्या लिहिण्यात माझी बरीच वर्षं गेली आणि नव्याने आलेली मुलं दरवेळी हेच विचारतात: "सर, ७५४ मध्ये आहे ना, मग परवानगी कसली?" (७५४ हा अशाच एका मानकाचा क्रमांक.) मानक म्हणजे बेरीज-गुणाकाराचं उत्तर काय यावं, याचा करार. ते उत्तर काढताना कोणाच्या पेटंटवर पाय पडतो का, याची खात्री मानक काढणारी संस्था देत नाही. ती पेटंटवाल्याकडून फक्त लेखी हमी मागते. ती वेळेत मागितली गेली नाही, तर भोगावं लागतं ते मानक वापरणाऱ्याला, म्हणजे बहुतेक वेळा आपल्यासारख्या लहान कंपनीला.

आधी कोणती मानकं ते सांगतो. फ्लोटिंग पॉइंटचं, म्हणजे दशांशचिन्ह सरकतं ठेवून आकडे लिहायच्या पद्धतीचं, आयट्रिपलई (इंजिनिअरांची, मानकं काढणारी संस्था) ७५४ हे १९८५ साली आलं, २००८ मध्ये त्याचा मोठा विस्तार झाला आणि २०१९ मध्ये ते पुन्हा सुधारलं गेलं. एका आकड्याऐवजी खालची आणि वरची मर्यादा धरून हिशेब करायच्या इंटरव्हल अंकगणिताचं १७८८ हे मानक २०१५ चं. मशीन लर्निंगसाठी कमी बिटांच्या आकड्यांवर आयट्रिपलईचाच ३१०९ क्रमांकाचा गट काम करतो. आयट्रिपलईचं मानक दहा वर्षांत पुन्हा तपासावं लागतं, त्यामुळे ७५४ ची पुढची फेरीही फार लांब नाही.

भाग कोण घेऊ शकतं

या कार्यगटांत माणूस स्वतःच्या नावाने बसतो. बैठकीला जायला आयट्रिपलईचं सभासदत्व लागत नाही. आपण कोणत्या कंपनीचे किंवा संस्थेचे, कोणाच्या पैशावर आलो, हे मात्र उघड सांगावं लागतं. गटात मत देण्याचा हक्क त्या गटाच्या हजेरीच्या नियमांप्रमाणे मिळतो. मसुद्यावरच्या शेवटच्या मतदानासाठी स्टँडर्ड्स असोसिएशनचं (आयट्रिपलईची मानकं काढणारी शाखा) सभासदत्व किंवा त्या मतदानापुरती फी लागते. तिथे ७५ टक्के मतपत्रिका परत याव्या लागतात आणि आलेल्या होय-नाही मतांत ७५ टक्के होकार लागतो. कोपरखैरण्यात घरी बसूनही हे सगळं करता येतं. आपल्याकडची माणसं जातच नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पेटंटचा विषय बैठकीच्या सुरुवातीलाच येतो. अध्यक्ष नियम दाखवतात आणि विचारतात: मानकाला आवश्यक ठरू शकेल असं पेटंट किंवा पेटंट-अर्ज कोणाला ठाऊक आहे का? इथे दोन पायऱ्या आहेत. ते पेटंट तुमचं किंवा तुमच्या मालक-कंपनीचं असेल आणि तुम्हाला स्वतःला त्याची माहिती असेल, तर मालकाचं नाव सांगणं बंधनकारक आहे. तिसऱ्याच कोणाचं असेल, तर सांगावं अशी अपेक्षा आहे. शोध घेत बसायची सक्ती कोणावरही नाही. पेटंट वैध आहे का, खरंच आवश्यक आहे का, रॉयल्टी किती, यावर बैठकीत चर्चा करायला मनाई आहे. उत्साहाने उठून "ते पेटंट टिकणार नाही" असं म्हणू नका, अध्यक्षांना तुम्हाला थांबवावंच लागेल.

आवश्यक पेटंट म्हणजे काय

इथे थोडं थांबायला हवं, कारण अंकगणिताच्या मानकात सगळी गंमत इथेच आहे. मानक मंजूर होताना त्यातलं बंधनकारक किंवा ऐच्छिक कलम पाळायचं तर पेटंटाचा दावा (पेटंटात आपला म्हणून मागितलेला नेमका भाग) ओलांडल्याशिवाय व्यवहारात आणि तंत्रात परवडणारी दुसरी वाटच नाही, असा दावा म्हणजे आवश्यक दावा. चिप बनवायचं तंत्र, कंपायलर, ऑपरेटिंग सिस्टिमचं मूलभूत तंत्र यांसारखी पायाभूत तंत्रं त्यात धरत नाहीत.

उदाहरण घेऊ. तीनच अंक ठेवणारं दशांश यंत्र आहे असं धरा. १.२३ गुणिले ४.५६ म्हणजे ५.६०८८. यंत्राने ते आधी ५.६१ केलं आणि मग त्यातून ५.६१ वजा केले, तर उत्तर शून्य. गुणाकार आणि वजाबाकी एकत्र करून शेवटी एकदाच पूर्णांकन केलं, म्हणजे आकडा ठरलेल्या अंकांत बसवला, तर उत्तर उणे ०.००१२. या एकत्रित क्रियेला फ्यूज्ड मल्टिप्लाय-ॲड म्हणतात. आयबीएमच्या १९९० च्या रिस्क सिस्टिम/६००० यंत्रांत ती होती आणि ७५४ मध्ये ती २००८ साली आली. मानक एवढंच म्हणतं की उत्तर उणे ०.००१२ यायला हवं. आतलं सर्किट कसं जोडायचं, पुढची शून्यं आधीच कशी ओळखायची, यावर कोणाचं पेटंट असलं तरी तेच उत्तर दुसऱ्या सर्किटने काढता येतं. म्हणून असं पेटंट सहसा आवश्यक ठरत नाही. तुमच्या चिपमध्ये तेच सर्किट असेल, तर ते तुम्हाला अडवू शकतंच, पण तो मानकाचा प्रश्न राहत नाही आणि मानकाची हमी तुमच्या कामाला येत नाही.

बिटांची मांडणी हा मात्र वेगळा मामला. आकडा अमुकच बिटांत लिहायचा असं मानकाने ठरवलं की त्याला पर्याय उरत नाही. २००८ च्या ७५४ मध्ये दशांश आकड्यांसाठी दोन मांडण्या आल्या: आयबीएमकडून आलेली, तीन अंक दहा बिटांत बसवणारी, आणि इंटेलकडून आलेली, सगळे अंक मिळून एक द्विमान (०-१ मधला) पूर्णांक धरणारी. दोन्हींत किमती त्याच, बिट वेगळे. मसुदा वाचताना अशा जागी पेन्सिलीने खूण करायची माझी सवय आहे. ज्या कलमात उत्तर लिहिलंय ते बहुधा सुरक्षित. ज्यात पद्धत, तक्ता किंवा बिटांची रचना लिहिलीय, तिथे विचारणा करायलाच हवी.

हे मी अनुभवाने शिकलो. एका लहान उद्योग-गटाच्या मसुद्यात पूर्णांकनाच्या पायऱ्या क्रमाने लिहिलेलं कलम माझंच होतं. वाचणाऱ्याला सोपं जावं म्हणून तसं लिहिलं होतं. नंतर कळलं की गटातल्याच एका कंपनीचा त्या क्रमावर अर्ज प्रलंबित आहे. त्यांच्या माणसाला ते माहीत होतं, पण गोपनीयतेच्या भीतीने तो गप्प बसला. हमीची विचारणा गेली, महिने गेले आणि शेवटी आम्ही ते कलम फक्त उत्तरापुरतं ठेवून नव्याने लिहिलं. वाईट त्या माणसाबद्दल वाटलं: नियम त्याच्याकडून फक्त मालकाचं नाव मागत होता, अर्जातला मजकूर नाही.

हमीपत्र आणि त्याचे कागद

नाव पुढे आलं की अध्यक्ष त्या मालकाकडे हमीपत्र मागतात. आयट्रिपलईत याला लेटर ऑफ अशुरन्स म्हणतात आणि त्याचा ठरलेला फॉर्म आहे. देणारा पेटंटचा मालक किंवा अर्जदारच हवा, आणि सही कंपनीला बांधू शकणाऱ्या अधिकृत माणसाची. बैठकीला जाणाऱ्या इंजिनिअरची सही चालेल असं गृहीत धरू नका. सही करणाऱ्याला संचालक मंडळाचा ठराव किंवा अधिकारपत्र आधीच करून द्या. फॉर्मसोबत ते मागतीलच असं नाही, पण उद्या वाद झाला तर लागतं. फॉर्ममध्ये मानकाचा क्रमांक, मालकाचं नाव-पत्ता, हमी ठरावीक पेटंटांपुरती आहे की त्या मानकासाठी सरसकट, आणि परवान्याबाबतची भूमिका भरायची असते. भूमिका चार: मोबदला न घेता परवाना देऊ, वाजवी दराने आणि भेदभाव न करता देऊ, मोबदला न घेता पेटंट वापरणाऱ्यांवर बजावणारच नाही, किंवा परवाना द्यायला तयार नाही. वाजवी दराचा पर्याय घेतला तर कमाल दर किंवा नमुना करार जोडता येतो, सक्ती नाही. लहान कंपनी म्हणून तुम्ही वापरणाऱ्याच्या बाजूला असाल, तर तो जोडलेला आहे का हे आधी बघा.

स्वीकारलेलं हमीपत्र मागे घेता येत नाही आणि ते आयट्रिपलईच्या संकेतस्थळावर सगळ्यांना दिसतं. पेटंट विकलं तरी हमी पुढच्या मालकाकडे जावी अशी तरतूद आहे. इंटरव्हल अंकगणितावर सन मायक्रोसिस्टिम्सने अमेरिकेत अनेक पेटंटं घेतली होती, आणि २०१० मध्ये, १७८८ चं काम चालू असतानाच, सन कंपनी ओरॅकलच्या ताब्यात गेली. मालक असा मध्येच बदलू शकतो, म्हणूनच तोंडी "आमची काही हरकत नाही" याला किंमत नाही. ७५४ चं आंतरराष्ट्रीय रूप ६०५५९ या क्रमांकाने निघतं. आयएसओ, आयईसी आणि आयटीयू यांचा पेटंट घोषणेचा समाईक फॉर्म निराळा आहे, त्यात तीन पर्याय असतात: फुकट, वाजवी दराने, किंवा नाही.

भारतातली बाजू

अंकगणितावर पेटंट मिळतंच कसं, हा प्रश्न रास्त आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये बेन्सन खटल्यात दशांश संकेत द्विमानात बदलण्याच्या पद्धतीवर पेटंट नाकारलं होतं. तरी आपल्या नरेंद्र करमरकरांच्या १९८४ च्या रेषीय प्रोग्रॅमिंगच्या (मर्यादांत राहून सगळ्यांत चांगलं उत्तर काढायच्या गणिताच्या) पद्धतीवर एटीअँडटी या अमेरिकी टेलिफोन कंपनीला तिथेच १९८८ मध्ये पेटंट मिळालं. भारतात पेटंट कायद्याचं कलम ३(के) गणिती पद्धत, अल्गोरिदम आणि निव्वळ संगणक प्रोग्रॅम यांना पेटंट देत नाही. फेरिद अल्लानी प्रकरणात मात्र दिल्ली उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तांत्रिक परिणाम तपासायला सांगितलं, त्यामुळे गुणाकाराचं सर्किट म्हणून मांडलेला अर्ज इथेही मंजूर होऊ शकतो. पेटंट देशापुरतं असतं हेही लक्षात ठेवा. महाप्यात डिझाइन केलेली चिप अमेरिकेत विकायची असेल, तर तिथलं पेटंट बघावं लागतं.

भारतीय अर्ज शोधायला पेटंट कार्यालयाची इनपास ही शोधसेवा फुकट आहे. वर्गीकरणात जी०६एफ ७/४८३ टाका, फ्लोटिंग पॉइंटची गणितं तिथे येतात, पूर्णांकनासाठी ७/४९९. ई-रजिस्टरमध्ये नूतनीकरण फी भरली आहे का ते पाहा, कारण ती थकली तर वीस वर्षं पूर्ण व्हायच्या आधीच पेटंट संपतं.

अर्ज प्रसिद्ध झालाय पण मंजूर झालेला नाही, अशा टप्प्यात कलम २५(१) खाली कोणीही हरकत नोंदवू शकतो. स्वतः बाधित असण्याची अट नाही. प्रसिद्धीनंतर सहा महिने पेटंट दिलं जात नाही, ही तुमच्या हातातली खात्रीची मुदत. पेटंट जर्नल दर शुक्रवारी निघतं. लागतं ते एवढं: फॉर्म ७ए, हरकतीचं निवेदन, पुरावे (जुने लेख, मानकाचे तारीख असलेले मसुदे, जुन्या चिपच्या पुस्तिका), सुनावणी हवी असेल तर तशी विनंती, आणि पेटंट एजंटमार्फत गेलात तर त्याला अधिकार देणारा फॉर्म २६. २०२४ च्या दुरुस्तीपासून याला फी आहे. लघुउद्योग म्हणून कमी फी हवी असेल तर फॉर्म २८ सोबत उद्यम नोंदणी जोडा. मंजुरीनंतरची हरकत वेगळी: ती मंजुरी प्रसिद्ध झाल्यापासून एक वर्षात, फॉर्म ७ वर, आणि फक्त हितसंबंध असलेल्याला.

कागद ऑनलाइन जातात. तरी प्रत्यक्ष जायचं झालं तर मुंबईचं कार्यालय अँटॉप हिलला बौद्धिक संपदा भवनात आहे. वाशीहून हार्बरने थेट गुरू तेग बहादूर नगरला उतरा, ठाण्याहून कुर्ल्याला गाडी बदला. महाराष्ट्रातले अर्ज इथेच येतात, पण अर्जदार दुसऱ्या विभागातला असेल तर अर्ज दिल्ली, चेन्नई किंवा कोलकात्याचा असू शकतो. निघायच्या आधी इनपासवर अर्ज कोणत्या कार्यालयाचा आहे ते बघून घ्या, आणि मानकाच्या मसुद्याची जी प्रत पुरावा म्हणून देणार आहात, तिच्यावर ती जनतेला कधी खुली झाली ती तारीख स्पष्ट दिसते आहे ना, तेही.