गावगट आणि लोकमत (गोवा)

गाव, वाडा किंवा एखादा प्रश्न यांभोवती व्हॉट्सॲप-फेसबुकवर जमलेला नागरिकांचा गट. गोव्यात अशा गटाला वजन येते ते मुख्यतः मतदारसंघ लहान असल्यामुळे. विधानसभेच्या ४० जागा, आणि एका जागेमागे सरासरी ३० हजारांच्या आत मतदार. २०२२ मध्ये सांत आंद्रेचा निकाल ७६ मतांनी लागला. ती जागा जिंकणारा रिव्होल्युशनरी गोवन्स पक्ष समाजमाध्यमांवर आणि गावच्या बैठकांतून वाढला होता. ७६ मते एका वाड्यातही असतात.

मात्र गटातली चर्चा कागदावर उतरली नाही तर ती विरून जाते. जमिनीचा प्रश्न घ्या. नगरनियोजन कायद्याच्या ३९-अ कलमाखाली झोन बदलाचा, म्हणजे जमिनीचा ठरलेला वापर बदलण्याचा, प्रस्ताव जाहीर झाला की हरकतींसाठी ३० दिवस मिळतात. राजपत्र नेमाने वाचणारा एक तरी माणूस गटात हवा. त्याने सर्व्हे क्रमांक, क्षेत्रफळ, सध्याचा व मागितलेला झोन आणि शेवटची तारीख एकाच संदेशात द्यावी. मग एक-चौदाचा (जमिनीच्या नोंदीचा) उतारा काढून जागा प्रत्यक्ष पाहावी. हरकत प्रत्येकाने स्वतंत्र, सहीनिशी द्यावी आणि आवक शिक्क्याची प्रत जपावी. ग्रामसभेत ठराव घ्यायचा तर विषय आधी लेखी द्यावा, आणि ठरावाचे शब्द नोंदवहीत जसेच्या तसे उतरले का, ते तिथेच तपासावे. पंचायतीच्या मतदारयादीत नाव नसलेला सदस्य आखातातून कितीही कळकळीने लिहीत असला, तरी ग्रामसभेत त्याचे मत धरले जात नाही.

मोलेचे आंदोलन याचे सर्वांत मोलाचे उदाहरण. २०२० च्या टाळेबंदीत मोलेच्या अभयारण्यातून जाणाऱ्या रेल्वे दुपदरीकरण, महामार्ग रुंदीकरण आणि वीजवाहिनी या तीन प्रकल्पांविरुद्ध ई-मेल, चित्रे आणि अभ्यासकांची पत्रे फिरली. नोव्हेंबरच्या आरंभी चांदर येथे लोक रात्रभर रेल्वेमार्गावर उतरले. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुपदरीकरणाला मिळालेली वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली. गटांनी माणसे आणि माहिती जमवली. मंजुरी पडली ती न्यायालयात मांडलेल्या पुराव्यांवर.

गट बिघडतो तो बहुधा तारखेपाशी. जुनी अधिसूचना तारीख कापून पुन्हा फिरते, लोक कार्यालयात धडकतात आणि पुढच्या खऱ्या हाकेला कोणी येत नाही. वारंवार पुढे गेलेल्या संदेशावर व्हॉट्सॲप दुहेरी बाण दाखवते आणि तो एका वेळी एकाच ठिकाणी पाठवू देते. स्क्रीनशॉट काढला की हे दोन्ही अडसर गळून पडतात. म्हणून मूळ पीडीएफच मागावी.

दुसरी अडचण लिपीची. गोवा महाराष्ट्रात विलीन करावा का, यावरच्या १९६७ च्या जनमत कौलात विलीनीकरणवादी ‘गोमन्तक’ आणि विरोधातले ‘राष्ट्रमत’ ही दोन्ही दैनिके मराठीच होती. एकाच वाचकाला दोन्ही बाजू वाचता येत. आज साष्टीतला रोमी (रोमन लिपीतला) कोकणी मजकूर पेडणे-सत्तरीच्या मराठी गटांत क्वचितच पोचतो. आवाजी संदेश ही दरी ओलांडतो, पण नंतर त्यातला क्रमांक शोधता येत नाही. तेव्हा त्याखाली सर्व्हे क्रमांक आणि तारीख टाइप करून टाकावी.